पुढच्याला ठेच लागली, तर मागच्याला सांगा

बिटकॉइन मायनिंगचं नवं मशीन येतंय, आत्ताच बुकिंग केलंत तर स्वस्तात मिळेल. असा मेसेज तुमच्या घरात कुणाला तरी आला असेल. मुलाला, जावयाला, भाच्याला. सोबत मशीनचा चकचकीत फोटो असतो. रोज किती पैसे सुटतील याचा तक्ता असतो. मशीन मात्र अजून तयार नसतं. पैसे आज भरायचे, तेही पूर्ण.

अशा आगाऊ बुकिंगमध्ये जगभर लोकांचे कष्टाचे पैसे अडकले आहेत, बुडाले आहेत. म्हणून तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. पैसे भरण्याआधी काय बघावं, भरले असतील तर काय करावं, आणि संशय आला तर इतरांना कसं सावध करावं. यातलं शेवटचं आपण सगळ्यात कमी करतो.

आधी मशीनचं गणित समजून घ्या. बिटकॉइन हे संगणकावरचं चलन, आणि मायनिंग म्हणजे ते मिळवण्यासाठी जगभरच्या मशिनांची शर्यत. या शर्यतीत साधारण दर दहा मिनिटांनी एक बक्षीस निघतं. ते ठरलेलं असतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. जगात मशिनं वाढली म्हणून बक्षीस वाढत नाही. उलट मशिनं वाढतात तसं दर दोन आठवड्यांच्या आसपास काम आपोआप अवघड होत जातं आणि प्रत्येकाचा वाटा घटतो.

२०१३ या एका वर्षात हे काम तीनशे पटींहून जास्त अवघड झालं. म्हणजे जानेवारीत मिळायचं मशीन डिसेंबरअखेर हाती आलं असतं, तर त्यातून जानेवारीच्या मानाने तीनशेवा हिस्साही बिटकॉइन निघाले नसते. दरवर्षी इतकी वाढ होत नाही. पण उशिरा आलेलं मायनिंग मशीन म्हणजे वरातीमागून घोडं, हे नक्की. इथे उशीर हेच नुकसान असतं.

आता एक घडलेली गोष्ट ऐका. अमेरिकेत कॅन्सस राज्यात बटरफ्लाय लॅब्स नावाची कंपनी होती. तिने २०१२ मध्ये नव्या मशीनचं बुकिंग घ्यायला सुरुवात केली. किमती १४९ डॉलरपासून २९,८९९ डॉलरपर्यंत. पैसे आधी घेतले. तारखा पुढे ढकलल्या जाऊ लागल्या.

पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर दावा लावला. त्यात म्हटलं होतं की सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांहून जास्त ग्राहकांना पैसे भरूनही मशीन मिळालं नव्हतं. आणि त्याच सुमारास, ऑगस्ट २०१३ मध्ये, कंपनीने ‘मोनार्क’ या आणखी नव्या मशीनचं बुकिंग सुरू केलं होतं! ग्राहकांच्या मशीनवर कंपनीने आधी स्वतःसाठी बिटकॉइन काढले, असाही आरोप होता.

२०१६ मध्ये तडजोड झाली. जबाबदारी ३ कोटी ८६ लाख डॉलरची ठरली. पण कंपनीने १५,००० डॉलर आणि ती चालवणाऱ्या एकाने ४,००० डॉलर भरले की बाकीची वसुली स्थगित, असं ठरलं. सरकार मदतीला आलं, तरी गेलेला पैसा परत येईलच असं नाही. हे मनावर कोरून ठेवा.

प्रत्येक उशीर म्हणजे लबाडी नसते, हेही मान्य. अमेरिकेत टेक्सासमधली कॉइनटेरा जानेवारी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, स्वीडनची केएनसीमायनर २०१६ मध्ये. धंदा बुडाला, हिशेब चुकला, असंही होतं. पण कंपनी बुडाली, की आगाऊ पैसे भरलेला माणूस, ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांच्या रांगेत मागे उभा राहतो. त्याच्या दृष्टीने कारण कुठलंही असो, घरातली शिल्लक गेलेली असते.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं करा.

तयार माल मागा. बटरफ्लाय लॅब्सच्या तडजोडीत एक अट होती: तीस दिवसांत देता येईल असंच मशीन असेल, तरच आगाऊ पैसे घ्यायचे. हाच नियम तुम्ही स्वतःला लावा. ‘पुढच्या तिमाहीत’ म्हणणाऱ्याला सांगा, तेव्हाच घेऊ.

पावती नीट वाचा. तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहिलं आहे का? ‘रिफंड मिळणार नाही’ असं तळाशी बारीक अक्षरात आहे का? असेल तर ती तारीख म्हणजे वचन नाही.

फोटोवर जाऊ नका. चालू मशीन दाखवायला सांगा. कंपनीचा पत्ता, नोंदणी, जीएसटी क्रमांक तपासा. आधीच्या मॉडेलचं मशीन ज्यांना मिळालं, अशा दोघांशी तरी स्वतः बोला. कंपनीने दिलेले नंबर चालणार नाहीत, तुम्ही शोधा.

नफ्याचा तक्ता स्वतः मांडा. साडेतीन हजार वॅटचं मशीन दिवसरात्र चाललं तर रोज ८४ युनिट वीज लागते. महिन्याला अडीच हजार युनिट. दहा रुपये दर धरला तरी २५,००० रुपयांचं बिल. परदेशातून मशीन आणलं तर आयातीचा कर वेगळा. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे. हे सगळं त्या तक्त्यात धरलंय का, बघा.

बिटकॉइन किंवा यूएसडीटीसारख्या क्रिप्टो चलनात पैसे पाठवू नका. ते एकदा गेले की बँक परत आणू शकत नाही. भरायचेच असतील तर क्रेडिट कार्डाने भरा. तिथे तक्रारीची सोय असते.

आणि पैसे भरून बसला असाल, तर?

घाबरू नका, पण आजच हलायला लागा. पावती, मेसेज, ईमेल, जाहिरात, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. वेबसाइटवरची तारीख उद्या बदललेली असू शकते.

कंपनीला लेखी पत्र लिहा. अमुक तारखेपर्यंत मशीन द्या, नाहीतर पैसे परत करा. फोनवर झालेलं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला लगेच कळवा. तक्रारीला मुदत असते. ‘आणखी दोन आठवडे थांबा’ असं ऐकत बसलात, तर तुमचीच मुदत संपते.

फसवणूक वाटत असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करा आणि सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पैसा वाटेत थांबण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत राहणाऱ्यांनी फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करावी.

यानंतर एखादा फोन येईल, ‘थोडी फी भरा, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो.’ तो फोन ठेवून द्या. फसलेल्यालाच पुन्हा फसवायचा तो धंदा आहे.

आता मुख्य गोष्ट. इतरांना सांगा.

लोक गप्प का बसतात? एक तर लाज वाटते. घरचे काय म्हणतील, मित्र हसतील. दुसरं कारण त्याहून अवघड आहे. वाट बघणाऱ्याला वाटतं, मी बोंब मारली तर बुकिंग थांबेल, कंपनी बुडेल, मग माझं मशीन येणारच नाही. म्हणून तो आशेवर तोंड मिटून राहतो. तेवढ्यात मागून आणखी लोक पैसे भरतात. तुमच्या गप्प बसण्याने तुमचं मशीन लवकर येत नाही. शेजाऱ्याचे पैसे मात्र जातात.

आपल्याकडे पुण्याने हे पाहिलं आहे. गेनबिटकॉइन या योजनेत मशीनसुद्धा घरी येणार नव्हतं. मायनिंगच्या नावावर दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आश्वासन होतं. साखळी पद्धत होती. ओळखीच्याने ओळखीच्याला आणलं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. नंतर देशभरातली ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवली. ज्या ओळखीतून पैसा गेला, त्याच ओळखीतून सावधगिरीचा शब्दही जायला हवा.

पण सांगताना नीट सांगा. जे तुमच्याबाबत घडलं तेवढंच बोला. किती पैसे भरले, कोणत्या तारखेला, काय कबूल केलं होतं, आज काय स्थिती आहे, विचारल्यावर काय उत्तर आलं. एवढ्या पाच ओळी पुरेत. सोबत पावती दाखवा.

‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द वापरू नका. ते ठरवणं न्यायालयाचं काम आहे. तुमच्यावरच बदनामीचा दावा लागायला नको. ‘मला संशय आहे, आणि तो यामुळे आहे’ एवढं म्हणणं पुरेसं आहे. कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता, कर्मचाऱ्यांची नावं पसरवू नका. ऐकीव गोष्ट पुढे ढकलू नका. कंपनीने नंतर मशीन दिलं किंवा पैसे परत केले, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा. तुमच्या शब्दाला वजन येतं ते असं.

तुमच्यासारखे आणखी ग्राहक सापडले तर तारखा आणि रकमा एका यादीत मांडा आणि तक्रारीला एकत्र जा. एकट्याची तक्रार उशिराची वाटते, पन्नास जणांच्या तक्रारीत पद्धत दिसते.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलगा येऊन म्हणाला, ‘बाबा, माझे पैसे अडकले’, तर आधी रागावू नका. आधी पावती बघा, बँकेला फोन लावा. रागाच्या धाकाने मुलं महिनोन्महिने लपवतात, आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत टळून जाते.

आणि ज्यांचं बुकिंग अडकलंय त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर त्या पाच ओळी लिहून काढा. मग तुमच्या ओळखीत जो कुणी तेच मशीन घ्यायच्या विचारात आहे, त्याला त्याने पैसे भरायच्या आधी फोन करा.