मिडवेचं क्रेडिट कुणाला?

अप्रेझलचा सीझन आला की टपरीवर चहाबरोबर एकच रडगाणं ऐकू येतं. काम आम्ही केलं आणि क्रेडिट भलत्यानंच खाल्लं! माझ्या ग्रुपमधले निम्मे जण याच दुःखात असतात. त्यांना मी हल्ली जोसेफ रोशफोर्टची गोष्ट सांगते. माणूस अमेरिकन नेव्हीतला, पण गोष्ट थेट आपल्या क्युबिकलमधली.

अमेरिकेच्या निर्णायक लढाया म्हटलं की दोन नावं हमखास येतात. जमिनीवरची १८६३ची गेटिसबर्ग आणि समुद्रातली १९४२ची मिडवे. गेटिसबर्गचा निकाल लागायला तीन दिवस गेले. मिडवेत पारडं फिरलं ते जेमतेम पाच मिनिटांत. पण त्या पाच मिनिटांची तयारी चालली होती पर्ल हार्बरच्या एका तळघरात.

तिथे रोशफोर्टची टीम जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश फोडत बसायची. तळघर एसीमुळे गारठलेलं, म्हणून साहेब युनिफॉर्मवर जाड जॅकेट चढवायचे आणि पायात स्लीपर्स. डेटा मशीनवर कोण, तर पर्ल हार्बरच्या हल्ल्यात निकामी झालेल्या 'कॅलिफोर्निया' युद्धनौकेच्या बँडमधले वादक! संदेशातला थोडासाच भाग उलगडायचा, बाकी सगळा अंदाज.

मे १९४२ मध्ये संदेशांत 'एएफ' ही अक्षरं वारंवार यायला लागली. मोठा हल्ला तिथे होणार, हे नक्की. पण एएफ म्हणजे कुठे? रोशफोर्टच्या मते मिडवे बेट. वॉशिंग्टनमधल्या हेड ऑफिसला ते पटेना. मग टीममधल्या जॅस्पर होम्सने एक आयडिया काढली. समुद्राखालच्या केबलवरून मिडवेला गुपचूप निरोप गेला: आमचं गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय, असं रेडिओवर उघड सांगा. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला गेला. एएफवर पाण्याची टंचाई आहे! विषय संपला.

अ‍ॅडमिरल निमिट्झने या तळघरावर सगळा डाव लावला. कोरल समुद्रात जबर मार खाल्लेली 'यॉर्कटाउन' २७ मे रोजी पर्ल हार्बरला आली. दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. शेकडो कामगारांनी रात्रंदिवस राबून तिला ३० तारखेला पुन्हा समुद्रात पाठवलं. डेडलाइन, डेडलाइन म्हणतात ती ही!

४ जूनच्या सकाळी 'हॉर्नेट'ची १५ टॉर्पेडो विमानं जपानी ताफ्यावर तुटून पडली. सोबत संरक्षणाला एकही लढाऊ विमान नाही. पंधराच्या पंधरा पडली. ३० जणांतला एकच वाचला, जॉर्ज गे. आणखी दोन टॉर्पेडो तुकड्यांचीही जवळपास तीच गत झाली. जपानी विमानं त्यांच्या मागे लागून खाली उतरलेली असतानाच, साडेदहाच्या सुमाराला, वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर्स आले. पाचेक मिनिटांत 'अकागी', 'कागा' आणि 'सोर्यू' या तीन विमानवाहू नौका पेटल्या. दुपारी चौथी, 'हिर्यू'. चारही पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या ताफ्यातल्या. अमेरिकेनेही 'यॉर्कटाउन' गमावली. जपानचे तीन हजारांवर माणसं गेली, अमेरिकेची तीनशेच्या आसपास. त्यानंतर पॅसिफिकमध्ये जपानची घोडदौड थांबली ती थांबलीच.

आणि रोशफोर्ट? निमिट्झने त्याच्यासाठी मोठ्या पदकाची शिफारस केली. वॉशिंग्टनने ती फेटाळली. ज्यांचा अंदाज चुकला होता, त्यांना आपलंही योगदान दाखवायचं होतं. ओळखीचं वाटतंय ना? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला तळघरातून परत बोलावलं आणि पुढे चक्क एका तरंगत्या गोदीचा प्रमुख केलं. १९७६ मध्ये तो गेला. पदक मिळालं १९८५ मध्ये.

'मन लावून काम करा, फळ मिळतंच' असं मी म्हणणार नाही. रोशफोर्टला मिळालं नाही. फ्रीलान्सिंगमध्ये माझीही एक आख्खी स्टोरी दुसऱ्याच्या बायलाइनखाली छापून आलीय, तेव्हा फुकटचा उपदेश माझ्याच्याने होत नाही. पण या गोष्टीत मला निमिट्झ जास्त आवडतो. तळघरातल्या माणसावर त्याने विश्वास ठेवला आणि जिंकल्यावर त्याचं नाव कागदावर लिहून वर पाठवलं. पाण्याची आयडिया होम्सची होती, हे आज आपल्याला माहीत आहे तेही कुणीतरी त्याचं नाव घेतलं म्हणूनच.

आपल्यापैकी बरेच जण आता टीम लीड झालेत. पुढच्या मीटिंगमध्ये स्लाइड तुमची आणि त्यातले आकडे ज्युनियरने रात्री जागून काढलेले असतील, तर सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्या. दहा सेकंद लागतात. रोशफोर्टच्या बाबतीत ४३ वर्षं लागली.