शेवटची पाळी कधी आली होती, हे विचारणार कोण?

आमच्या कामठीत बिडी वळणारी बाई असो की शाळेतली मॅडम, पंचेचाळीस-पन्नाशीत तक्रारी सारख्याच. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं उशी भिजते, छातीत धडधडतं, झोप येत नाही. दवाखान्यात ईसीजी निघतो, थायरॉइड तपासतात, झोपेची गोळी मिळते. "बाई, शेवटची पाळी कधी आली होती?" हा प्रश्न मात्र राहून जातो. माझ्या ओळखीतल्या तिघींचं तरी असंच झालं.

डॉक्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. खोट शिकवण्यात आहे. एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात रजोनिवृत्ती हा वेगळा घटक आहे. लक्षणं, हार्मोनचे उपचार, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, सगळं कागदावर आहे. पण वॉर्डात भेटतात बाळंतिणी आणि ऑपरेशनच्या पेशंट. घाम फुटतो म्हणून कोणी बाई भरती होत नाही, मग विद्यार्थी हे शिकणार कोणावर?

ही बाब किरकोळ नाही. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं तर तो गर्भाशयाचा कॅन्सर असू शकतो; "होतं असं" म्हणून घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे मजुरीचे खाडे होते, खासगी दवाखान्यांचा नफाही होता. पण पिशवीसोबत अंडाशयही काढलं, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, हाडं लवकर ठिसूळ होतात. त्या बाईला पुढं सांभाळणारा डॉक्टर कुठं तयार होतोय?

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, नागपूरच्या मेडिकल-मेयोसारख्या कॉलेजांच्या ओपीडीत चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला विद्यार्थ्यानं पाळीबद्दल विचारावं आणि केसपेपरवर लिहावं. दोन, विद्यार्थी जी कुटुंबं दत्तक घेतात, तिथल्या या वयाच्या बायकांशी बोलणं सक्तीचं करावं. तीन, प्रात्यक्षिक परीक्षेत यावर एक केस ठेवावी. परीक्षेला येतं तेच पोरं वाचतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही, मशीनही लागत नाही.

नागपूर-कामठीचे डॉक्टर हे वाचत असतील तर प्रामाणिकपणे सांगा: शिकताना तुम्ही अशा किती पेशंट तपासल्या होत्या?