अंगणवाडीला गुण कशाचे द्यायचे?

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य



मी डहाणू तालुक्यात राहणारी निवृत्त शिक्षिका. साडेतीन वर्षांच्या नातीला कुठे घालायचं हे ठरवायला या पावसाळ्यात दोन पाड्यांवरच्या अंगणवाड्या पाहिल्या.

पहिलीला स्वतःची इमारत आहे. भिंतीवर हत्ती-मोर रंगवलेले, नळ, शौचालय, वजनकाटा, सगळं जागेवर. मुलं रांगेत बसून पाटीवर ‘अ’ गिरवत होती. तासाभरात एकही मूल आपणहून बोललं नाही. मीच एकीला नाव विचारलं, तर तिने सेविकाताईंकडे पाहिलं.

दुसरी भाड्याच्या खोलीत भरते. कोपऱ्यात गळक्या छपराखाली बादली ठेवलेली, शौचालय नाही. ताई मुलांशी त्यांच्या घरच्या वारली बोलीत बोलत होत्या. मुलं चिंचोक्यांचे ढीग करून कुणाचा मोठा यावरून भांडत होती आणि भांडता भांडता मोजत होती. बादलीत पडणारे थेंबही त्यांनी मोजले.

तपासणीच्या कागदावर पहिली वरचढ ठरेल. नातीला मात्र मी दुसरीत घातलं. तरी रोज धाकधूक असते, कारण छप्पर गळतं ते गळतंच. घरची बोली हवी असेल तर गळकं छप्पर सोसा, असा सौदा आमच्याच वाट्याला का?

याच तालुक्यातल्या बोर्डीत 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पानं, शिंपले, बिया हेच साहित्य. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. पुढे 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि तो देशभर गेला. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षणाचा पाया धरला आहे.

पण सेविकेचा दिवस पाहा. वजन-उंची, आहारवाटप, गृहभेटी, लसीकरणाची बोलावणी आणि वर ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये नोंदी. रेंज शोधत ताई टेकाडावर गेल्या की मुलं मदतनीस बाईंवर. त्यांना तर खिचडीही बघायची असते. मग मुलांशी बोलायचं कुणी?

माझं मागणं तीन गोष्टींचं. सकाळचे दोन तास सेविकेला फोन, नोंदी, बैठका यांतून मोकळं ठेवा. ते फक्त मुलांचे. पर्यवेक्षिकेच्या तपासणीत एक रकाना वाढवा: मुलं आज काय बोलली, कोणत्या भाषेत? आणि अशा अंगणवाड्यांची तुलना ग्रामसभेत वाचून दाखवा, छपरासकट.

आहार हवाच, वजनही हवंच. पण वजनकाट्यावर उभं राहिलेलं मूल काही बोलत असेल, तर ते ऐकायला कुणीतरी रिकामं हवं.

आपली नम्र,
डहाणू तालुक्यातली एक आजी