इंटर्नशिप सक्तीची, खोली मात्र ज्याची त्याची!

डिसेंबर-जानेवारी आला की शेवटच्या वर्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची भाषा बदलते. सबमिशन आणि व्हायवा मागे पडतात आणि मेसेज यायला लागतात. ‘हिंजवडी फेज वनजवळ कुणाकडे एका मुलाची जागा आहे का? फक्त सहा महिने.’ ‘खराडीत दोन मुलींसाठी फ्लॅट हवाय, अर्जंट.’ ‘ऐरोलीत आपल्या कॉलेजचं कुणी आहे का?’ इंटर्नशिप मिळाल्याचे पेढे संपायच्या आत खोलीची शोधाशोध सुरू होते.

एकेकाळी इंटर्नशिप ही हौशी, हुशार पोरांची गोष्ट होती. ज्याला जमेल त्यानं करावी. आता तसं राहिलेलं नाही. इंजिनीअरिंगचं शेवटचं सेमिस्टर कित्येक ठिकाणी कंपनीतच जातं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्सवाल्यांच्या वाट्यालाही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलंय. त्याला क्रेडिट आहेत, म्हणजे ते केल्याशिवाय डिग्री नाही. कॉलेज लॉगबुक तपासतं, मेंटॉर नेमतं, कंपनीकडून हजेरी मागवतं. पण मुलगा किंवा मुलगी त्या शहरात रात्री झोपणार कुठं, हे विचारायला कुणीच नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. जी गोष्ट डिग्रीसाठी सक्तीची केलीत, तिच्यासाठी लागणारं छप्पर ही निव्वळ विद्यार्थ्याची खासगी अडचण असू शकत नाही.

जरा हिशोब मांडू. समजा, चौघांनी मिळून टू बीएचके घ्यायचा ठरवला. भाडं २८ हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ८४ हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं. प्रत्येकाच्या वाट्याला भाड्याचे सात, डिपॉझिटचे एकवीस आणि एजंटचे सात, असे ३५ हजार रुपये आले. गादी, बादली, गॅस, डबा अजून बाकीच आहे. आणि हे सगळं पहिल्या दिवसाच्या आधी, कारण स्टायपेंड महिना भरल्यावर मिळणार. तोही किती? पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा त्यात महिन्याला पाच हजार आणि सुरुवातीला एकदाच सहा हजार ठरले. त्याच वर्षी राज्य सरकारनं आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दहा हजार. घरी राहून जवळच्या कंपनीत जाणाऱ्याचं यात भागेल. गाव सोडून पुण्या-मुंबईत येणाऱ्याचं कसं भागणार?

मग होतं असं की, कंपनीचा इंटरव्ह्यू पास झालेली मुलं डिपॉझिटच्या राउंडला बाद होतात. ज्याच्या बाबांना चार दिवसांत ३५ हजार उभे करता येतात, तो जातो. ज्याला येत नाहीत, तो गावाजवळ मिळेल ते सर्टिफिकेट गोळा करतो. दोघांच्या मार्कशीटवर क्रेडिट सारखेच दिसतात, पण पुढच्या नोकरीच्या रांगेत दोघं सारखे उरत नाहीत.

ज्यांना सरकारी मदत मिळते, त्यांचीही इथं अडचण होते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर ठिकाणी त्याहून कमी. पण ही रक्कम ठरते ती कॉलेज कुठल्या शहरात आहे त्यावरून. सहा महिने दुसऱ्या शहरात जाऊन काम करणारा विद्यार्थी या हिशोबात बसवलेलाच नाही.

पैसे जमले तरी पुढची चाळणी असतेच. बॅचलर्स नको. मुली चालतील, पण रात्री दहाच्या आत. व्हेज ओन्ली. आडनाव काय? गाव कुठलं? फोनवर ‘फ्लॅट आहे, या बघायला’ म्हणणारे काका आडनाव ऐकल्यावर ‘अहो, कालच गेला’ म्हणतात. मुलींसाठी प्रश्न आणखी अवघड. सुरक्षित जागा ऑफिसपासून लांब, जवळची जागा परवडत नाही, आणि शिफ्ट सुटते त्या वेळी पीजीचं गेट बंद. चांगली ऑफर हातात असूनही ‘राहायची सोय नाही’ एवढ्याच कारणानं घरचे नको म्हणतात. अशा वेळी आईवडिलांना जुनाट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आपण दिलंय का?

त्यात मुदतीचं गणित जुळत नाही. इंटर्नशिप सहा महिन्यांची, भाडेकरार अकरा महिन्यांचा. लॉक-इन असेल तर मध्येच सोडल्यावर डिपॉझिट कापलं जातं. म्हणून बरेच जण कराराच्याच वाटेला जात नाहीत. ‘अकरा महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही’ असं कुणीतरी सांगतं आणि आपण मान डोलावतो. महाराष्ट्रात हे खरं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदवला नाही तर त्याला शिक्षेची तरतूदही आहे. नोंदणी ऑनलाइन होते, शुल्क शहरात हजार रुपये आणि त्यावर थोडी स्टॅम्प ड्यूटी. चौघांत वाटली तर फार मोठी रक्कम नाही. मालकाला सुरुवातीलाच सांगा की मुदत सहा महिन्यांची आहे, आणि करारात तेवढीच लिहून घ्या.

अजून एक. करार बहुतेक वेळा एकाच्या नावावर होतो आणि बाकीचे तिघं कागदावर नसतातच. नाव असलेल्याला बंगळुरूची नोकरी लागली की तो निघतो, आणि बाकीच्यांचं डिपॉझिट कोणाकडे मागायचं यावरून मैत्री तुटते. त्यामुळे चौघांचीही नावं करारात हवीत. आपापसांतही एका कागदावर लिहून ठेवावं: कुणी किती डिपॉझिट भरलं, मध्येच सोडणाऱ्यानं किती दिवस आधी सांगायचं, त्याच्या जागी नवा माणूस कोण शोधणार. यात अविश्वास नाही. उलट भांडी कुणी घासायची यावर भांडायला आपण मोकळे राहतो! आणि फ्लॅट डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन पाठवू नका. ‘मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, चावी कुरिअर करतो’ या गोष्टीला भुलून पैसे घालवलेले कमी नाहीत.

पण एवढी काळजी घेऊनही मूळ प्रश्न सुटत नाही. तो कॉलेज आणि कंपन्यांनी सोडवायला हवा, आणि त्यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. पुण्यातल्या कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलं बंगळुरू-हैदराबादला जातात, तेव्हा हॉस्टेलमधल्या त्यांच्या खाटा सेमिस्टरभर रिकाम्या पडतात. त्या खाटा नांदेड, लातूर, जळगावहून पुण्यात येणाऱ्या इंटर्नला महिन्याच्या भाड्यानं का देऊ नयेत? कॉलेजांनी आपसांत करार केला तर दोन्हीकडची सोय होईल. वर्षभराची हॉस्टेल फी भरून अर्धं वर्ष बाहेर राहणाऱ्याला उरलेले पैसे परत मिळावेत. आज तो दोन ठिकाणचं भाडं भरतोय. कंपन्यांनी पहिल्या महिन्याचा स्टायपेंड आगाऊ द्यावा, कारण पैसे लागतात ते रुजू होण्याच्या आधी. आणि प्लेसमेंट सेलनं पॅकेजच्या बॅनरसोबत एक साधी यादी ठेवावी: मागच्या बॅचची मुलं कुठं राहिली, मालक कसा होता, डिपॉझिट परत मिळालं का.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आम्हीही कॉट बेसिसवर, एका खोलीत सहा जण राहिलो. अ‍ॅडजस्ट करायला शिका.’ राहिलात, मान्य आहे. त्या दिवसांनी तुम्हाला घडवलं, हेही मान्य. पण तुम्ही नोकरी धरून शहरात आला होतात, महिन्याचा पगार होता. आज येणारे विद्यार्थी आहेत. ते कॉलेजची फी भरतात आणि त्याच कॉलेजच्या सांगण्यावरून परक्या शहरात सहा महिने काढतात. अ‍ॅडजस्ट आम्ही करूच. एका बाथरूममध्ये चौघं, एका चार्जिंग पॉइंटवर तिघं, यात मजाही आहे. पण ज्याच्याकडे डिपॉझिटच नाही, त्यानं नेमकं काय अ‍ॅडजस्ट करायचं?

येत्या सेमिस्टरला तुमच्या कॉलेजात इंटर्नशिपचं ओरिएंटेशन होईल. स्लाइड्स संपल्यावर ‘एनी क्वेश्चन्स?’ असं विचारतील. तेव्हा कुणीतरी हात वर करा आणि विचारा, ‘सर, राहायचं कुठं?’