फौजदारी न्यायाची पदवी हवी, भरतीची शिकवणी नको

महाराष्ट्रात २०२४ मध्ये झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. तालुक्याच्या गावांतही आता भरतीपूर्व अकॅडमीच्या पाट्या दिसतात आणि पहाटेची मैदाने धावण्याची वेळ सुधारणाऱ्या मुलामुलींनी भरलेली असतात. एवढ्या तरुणांना ज्या व्यवस्थेत शिरायचे आहे ती चालते कशी, याचा अभ्यास बारावीनंतर करायचा म्हटले, तर आपल्या नेहमीच्या महाविद्यालयांत तशी वाट सहसा सापडत नाही. कायद्याची पदवी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय संस्थांत न्यायसहायक विज्ञान आहे, म्हणजे रक्ताचे डाग, ठसे, हस्ताक्षर यांचे शास्त्र. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने गुन्हेगारीशास्त्र शिकवले, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना. पोलीस, सरकारी वकील, न्यायालय आणि तुरुंग यांचा एकत्रित अभ्यास करणारी पदवी आपल्या विद्यापीठांनी सुरू करावी आणि ती साध्या कला महाविद्यालयांत सुरू करावी, असे माझे म्हणणे आहे.

गरज कुठे आहे, ते तुरुंगाच्या दारात दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. चारांतले तीन. यातल्या काहींना तर जामीन मंजूर झालेला असतो, तरी ते आतच असतात. कोर्ट जामीनदार मागते. जामीनदाराने रेशनकार्ड, पगाराचा कागद, कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणायचा. परगावाहून बिगारीला आलेल्या माणसाला असा जामीनदार कुठून मिळणार? न्यायाधीशांच्या लेखी अर्ज निकाली निघालेला असतो. पोलिसांचे दोषारोपपत्र कधीच गेलेले असते. तुरुंगात सुटकेचा हुकूम पोचलेला नसतो, त्यामुळे तिथलेही कुणी काही करू शकत नाही. जो तो आपल्या जागी नियमाने बरोबर, आणि माणूस गजांआड. अखेर ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलावे म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागतो. या दोन टेबलांमधली जागा आपल्या नेहमीच्या पदवी अभ्यासक्रमांत सहसा सापडत नाही.

यावर वकील मंडळींचा आक्षेप ठरलेला: हे सगळे एलएलबीत येतेच. येते, पण कायद्याचे शिक्षण नियम काय आहे ते शिकवते. नियम ठाण्यात, कोठडीत आणि कोर्टाच्या आवारात उतरताना त्याचे काय होते, हे मोजायला शिकवत नाही. साधे आकडे घ्या. एका जिल्ह्यात गुन्हे वाढले अशी बातमी येते आणि ओरड सुरू होते. पण एका प्रकरणात अनेक कलमे लागली असतील, तर राष्ट्रीय नोंदीत त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो, हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? आणि नोंदच झाली नाही त्याचे काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. म्हणजे नोंदवलेल्या गुन्ह्यांत झालेली वाढ कधी कधी चांगली बातमीही असू शकते. लोक ठाण्याची पायरी चढू लागले, असा तिचा अर्थ निघू शकतो. हे तपासायला संख्याशास्त्र लागते, समाजशास्त्र लागते आणि कायदाही लागतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे दृश्य-ध्वनिमुद्रण आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आणले आहे. ठरावीक पंच आणि साच्यातला पंचनामा यांची सवय त्याने मोडते का, हे कुणीतरी ठाण्यागणिक पाहायला नको?

बाहेरच्या अभ्यासू नजरेने काय होते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढे देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हे चौघे कायद्याचेच अध्यापक होते, हे वकिलांनी जरूर निदर्शनास आणावे. पण त्यांच्या पत्राचा रोख एखाद्या कलमाच्या अर्थापुरता नव्हता. रात्रीच्या पोलीस ठाण्यात त्या गरीब मुलीची ‘संमती’ म्हणजे काय असू शकते, हे त्यांनी विचारले. तो प्रश्न जितका कायद्याचा, तितकाच सत्तेचा आणि समाजाचा. असाच प्रश्न अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरचा संशय गेला नाही आणि तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडले. महाराष्ट्रातल्या या पदवीच्या पहिल्या वर्षाला हा इतिहास नसेल, तर ती पदवी न काढलेलीच बरी.

अशी पदवी वाया कशी जाते, तेही अमेरिकेने दाखवून ठेवले आहे. तिथे १९६७ च्या अध्यक्षीय आयोगाने पोलिसांना उच्च शिक्षण हवे म्हटले, १९६८ च्या कायद्याने त्यासाठी कर्जे आणि अनुदाने दिली आणि महाविद्यालयांनी धडाधड अभ्यासक्रम उघडले. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने त्यांतल्या अनेकांचे वाभाडे काढले: संकुचित व्यावसायिक प्रशिक्षण, पोलीस सेवेतून आलेले अर्धवेळ शिक्षक, अनुभवाच्या गोष्टी आणि वाचन जेमतेम. आपल्याकडे ही भीती जास्तच आहे. २०२० च्या कायद्यांनी उभी राहिलेली राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ ही दोन्ही केंद्रीय गृहखात्याच्या छत्राखाली आहेत. त्यांचे काम महत्त्वाचे आहे. पण ज्या खात्याच्या कारभाराची चिकित्सा करायची, त्याच खात्याच्या आवारात ती मोकळेपणाने कशी होणार? निवृत्त अधिकारी व्याख्यानाला अवश्य यावेत. विभाग मात्र त्यांच्या हाती नको.

उरतो नोकरीचा आक्षेप, आणि तो खराच वजनदार आहे. पदवी काढायची, फी घ्यायची आणि मुलांना पुन्हा त्याच मैदानावर धावायला पाठवायचे, हा शुद्ध फसवणुकीचा धंदा होईल. उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, त्यामुळे या विद्यार्थ्याचे तिथे नुकसान नाही. पण एवढ्यावर अभ्यासक्रम उभा राहत नाही. सरकारला करण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे. १९५८ च्या कायद्याने शिक्षेऐवजी परिवीक्षेवर सोडण्याची सोय केली. ती कागदावर राहू नये, तर परिवीक्षा अधिकारी हवेत. तुरुंगांत कल्याण अधिकारी हवेत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत कच्च्या कैद्यांच्या फायलींचा पाठपुरावा करणारी माणसे हवीत, बाल संरक्षण कक्षांत प्रशिक्षित कर्मचारी हवेत. या पदांच्या सेवाप्रवेश नियमांत समाजकार्याच्या पदवीशेजारी या पदवीचे नाव घालावे आणि रिकामी पदे भरावीत. हे होत नाही तोवर विद्यापीठांनी मोजक्याच महाविद्यालयांत, थोड्या जागांवर सुरुवात करावी आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात ‘पोलीस दलात हमखास संधी’ असले एक वाक्यही छापू नये.