मुखवट्याआडचे मौन

नाशिकच्या एका आजींचे पत्र समोर आहे. त्यांची नात अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहरी लहानाची मोठी झाली. वय १९. तेथील डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी, गूफी अशा पात्रांचे वेष चढवून पाहुण्यांना भेटणारे कलावंत असतात. त्यांच्या निवडीची चाचणी ती येत्या महिन्यात देणार आहे. घरातील इतरांना हा पोरखेळ वाटतो. आजी मात्र विचारतात, ‘‘अंगावर एवढे ओझे घेऊन उकाड्यात नाचायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. हे तिच्या प्रकृतीला झेपेल का?’’

वाचकहो, आजींनी नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे.

या चाचणीत प्रथम मोजली जाते ती उंची. वेष आधीच तयार असतो. त्यात बसेल असा माणूस शोधायचा असतो. मिकीसाठी ठेंगणी अंगकाठी लागते, गूफीसाठी सहा फुटांच्या घरातील. ज्यांचा चेहरा उघडा असतो अशा राजकन्यांसारख्या पात्रांसाठी चेहरेपट्टीही पाहिली जाते. त्यानंतर हालचालींची परीक्षा होते. शब्दावाचून आनंद, भीती, लाज साऱ्या देहाने दाखवायची. काही मिनिटांत शिकवलेला छोटासा नाच गटागटाने करून दाखवायचा. झाकलेल्या चेहऱ्याचे हसू खांद्यांतून, मानेतून, हाताच्या पंजांतून दिसावे लागते. टप्प्याटप्प्यावर काही जणांना निरोप दिला जातो.

म्हणून घरच्यांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. येथे मिळालेला नकार बहुधा मापाचा असतो, गुणांचा नसतो. उंची कोणाच्या हातची नसते. नकार आला म्हणून मुलीने आरशासमोर स्वतःला दोष देत बसू नये. चाचणीपूर्वी आठवडाभर उपाशी राहून वजन उतरवण्याचा खटाटोपही करू नये. त्याने अंगातील त्राण जाते आणि नाचताना भोवळ येते.

निवड झाली, तर खरी कसोटी पुढेच आहे. आपले शरीर आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. उष्णता वाढली की घाम येतो. परंतु गारवा घाम येण्याने नव्हे, तो सुकण्याने मिळतो. जाड, केसाळ वेषात हवा खेळत नाही. ऑरलँडोचा उन्हाळा ३३ अंशांच्या घरातला आणि अतिशय दमट. अशा वेळी घाम निथळतो, पण सुकत नाही. शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, उष्णता मात्र आतच कोंडते. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, गरगरणे ही पहिली सूचना होय. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. तेथे क्षणाचाही विलंब जिवावर बेततो.

आता मौनाकडे येऊ. मिकीच्या वेषातील कलावंताने पाहुण्यांसमोर साध्या माणसासारखे बोलायचे नसते. मुलांच्या मनातील मिकी जिवंत राहावा यासाठी हे मौन असते, आणि ते योग्यच आहे. परंतु मौन अंगवळणी पडले की माणूस आपल्या शरीराची तक्रारही गिळू लागतो. ‘रांगेत चारच मुले उरली आहेत, तेवढी भेटून घेऊ,’ असे त्याला वाटते. नेमक्या त्या चार मुलांपाशी घात होतो. म्हणून नातीने सोबतच्या सहायकाशी ‘मला आत न्या’ एवढे सांगणारी हाताची खूण पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी, आणि ती करताना संकोचू नये.

शरीराला उष्णतेची सवय होण्यास १ ते २ आठवडे लागतात. उष्णतेत काम करणाऱ्या नवख्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या पाचव्या भागाइतकेच काम करावे आणि ते रोज थोडे वाढवावे, असा अमेरिकेतील नायॉश या सरकारी संस्थेचा सल्ला आहे. दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे २४० मिलिलिटर पाणी प्यावे, असेही ती संस्था सांगते. वेषात ते शक्य नाही. म्हणून आत शिरण्यापूर्वी आणि प्रत्येक विश्रांतीत न चुकता प्यावे. ताप, जुलाब किंवा जागरण झाले असेल त्या दिवशी वेष चढवूच नये. काही औषधांमुळे घाम कमी येतो किंवा लघवी जास्त होते. नियमित औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मान, खांदे आणि कंबर यांचा व्यायाम चाचणीच्या महिनाभर आधी सुरू केलेला बरा.

स्वच्छतेचा प्रश्नही लहान नाही. डिस्ने वर्ल्डमधील कलावंतांना वेषाखालची अंतर्वस्त्रे सामाईक साठ्यातून मिळत. त्यातून उवा व खरूज पसरल्याच्या तक्रारी झाल्या. स्वतःची वेगळी, घरी नेऊन धुता येतील अशी अंतर्वस्त्रे त्यांना २००१ साली, कामगार संघटनेने आग्रह धरल्यावर मिळाली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या कलावंतांनी २०२४ च्या मे महिन्यात संघटनेच्या बाजूने कौल दिला, तेव्हाही वेषांची स्वच्छता आणि सुरक्षितता हे विषय पुढे होते. मुखवट्याआड गप्प राहणाऱ्यांनी मुखवटा उतरवून बोलायचे ठरवले, तेव्हाच हे घडले.

आजी, आपल्या नातीला जाऊ द्या. मात्र जाण्यापूर्वी तिला एवढे विचारायला सांगा: एका वेळी वेषात किती मिनिटे राहायचे? उकाडा वाढला तर ती कमी होतात का? वेष धुतला कधी जातो? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर तिने निश्चिंत मनाने नाचावे.

आणि वाचकहो, असा मुखवटा आपल्याही दारी येतो. वैशाखातील वाढदिवसाला अस्वल होऊन आलेला तरुण आपल्याच गावचा असतो. मुलांना त्याची शेपटी ओढू देऊ नका. अर्ध्या तासाने त्याला पंख्याखालच्या खोलीत नेऊन मुखवटा उतरवायला सांगा, पाणी आणि लिंबाचे सरबत द्या. तो अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर वेष काढा, अंगावर गार पाणी ओता, मान व काखांत बर्फ ठेवा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. त्याला स्वतःहून बोलता येत नाही. म्हणून यजमानानेच आधी विचारावे.