धरण पैठणला, तहान बीडला

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या गोदावरीवर १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्रही तेथे उभे राहिले. धरणाचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात माजलगावच्या जलाशयापर्यंत येतो. परंतु धरणातच पाणी नसेल तर ना जनित्र फिरत, ना कालवा वाहत. २०१५ च्या जुलैत तर पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्रही बंद ठेवावे लागले.

याच खोऱ्यात वर, अहिल्यानगर जिल्ह्यात, ऊस डोलतो आणि तो तोडायला बीडचा कोरडवाहू शेतकरी दसरा सरताच बिऱ्हाड घेऊन निघतो. आपल्या वाट्याचे पाणी ज्या उसात मुरले, त्याचीच मोळी त्याने डोक्यावर वाहावी, हा निसर्गाचा कोप नव्हे. ही वाटपातील विषमता आहे.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तरीही टंचाईच्या वर्षी हक्काच्या पाण्यासाठी रस्त्यावर यावे लागते. ऑक्टोबरात साठ्याचा हिशेब झाला की पाणी सुटलेच पाहिजे. त्याला मंत्र्यांची मर्जी लागू नये. शिवाय बीडला आलेले पाणी येथील बड्या बागायतदारांच्याच शेतात जिरता कामा नये. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने भूमिहीनांचाही पाण्यावरचा हक्क मानला. तो न्याय ऊसतोड कामगाराच्या दारी पोहोचेपर्यंत हे धरण जनतेचे झाले, असे आम्ही मानणार नाही.